गाणं सोडून बाकी सगळं

काकांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, खालच्या भातगिरणीचा पट्टा तुटला. पण तो रविवार होता, गिरणी बंद होती, आणि आवाज माझ्या डाव्या हाताला, पुरुषांच्या बैठकीतून येत होता. मी पेटीवर होते. गीत काळी दोनमध्ये धरलं होतं. दुसऱ्या कडव्याला खाली पाहते तर माझी बोटं पांढऱ्या पट्ट्यांवर कुठंतरी भरकटलेली. एका माणसानं माझ्या पेटीसकट अख्खी मंडळी ओढत ओढत खाली नेली होती. आणि तो माणूस डोळे मिटून, मान वर करून असा आनंदात गात होता, की त्याला थांबवायचं पाप कोण करणार?

ही आमची रोह्याची ख्रिस्ती मंडळी. मूठभर कुटुंबं, नोकरीधंद्यानं इकडे आलेली, बहुतेक नगर-सोलापूरकडची. स्वतःचं चर्च नव्हतं. एका शेठच्या भातगिरणीवरचा हॉल भाड्यानं घेतलेला, त्याची जमीन लाकडी फळ्यांची. पाळकसाहेब मुंबईहून दोन-तीन महिन्यांतून एकदा यायचे. एरवी कारभार गुरुजींच्या हातात. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. शाळा सुटली तरी घंटा काही त्यांना सोडत नव्हती. उपासना घंटेनं सुरू व्हायची, घंटेनं संपायची, आणि मध्ये कोणी दोनदा खोकला तर गुरुजी चष्म्यावरून बघायचे. तिसऱ्यांदा खोकायची कोणाची टाप नव्हती.

मी नगरहून नुकतीच पेणच्या एका शाळेत शिवणकाम शिकवायला आले होते आणि खोली शोधत होते. उपासना संपल्यावर तोच बेसूर माणूस माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "पेटी झकास वाजवता. खोली पायजे म्हणे? आमची पेणलाच, रामवाडीला आहे. पाणी भरपूर, शेजार चांगला, आणि मी घरात गात नाही. बायकोची शपथ आहे." शेवटच्या अटीवर मी लगेच हो म्हटलं. अशा रीतीनं ते माझे घरमालक झाले आणि पुढची कितीतरी वर्षं माझ्या हसण्याचे आणि संतापाचेही मालक तेच राहिले.

काका खारबंदिस्तीच्या कामावर मुकादम होते. धरमतरच्या खाडीला लागून जी भातशेती आहे ती समुद्राच्या पाण्यापासून वाचते ती मातीच्या बांधांमुळे. ते बांध घालायचे, डागडुजी करायची, उधाणाला फुटले की धावायचं, हे त्यांचं काम. खाडीवरचं वारं तोंडात शब्द राहू देत नाही. त्या वाऱ्यावर पंचवीस माणसांना हाका मारून मारून काकांचा गळा असा काही तयार झाला होता की घरात ते "चहा झाला का?" म्हणाले तरी शेजारचे लोक "झाला, झाला" म्हणून उत्तर द्यायचे.

आणि दैवाचा विनोद बघा, काकू गाणाऱ्या. साध्यासुध्या नव्हे. त्यांनी कडवं उचललं की गिरणीतल्या शेठच्या हमालापासून जिन्यात बसलेल्या कुत्र्यापर्यंत सगळे कान टवकारायचे. रोह्याची मंडळी गाण्यासाठी प्रसिद्ध होती ती काकूंमुळे, आणि बदनाम होती ती काकांमुळे. काकू बायकांच्या बाजूला पहिल्या चटईवर बसायच्या, पांढरं पातळ, पदर दोन्ही खांद्यांवर. काकांचा सूर कानावर आला की त्यांच्या कपाळावर एक शीर उठायची. मी पेटीआडून ती शीर बघून ओळखायचे, आज घरी जेवण अळणी मिळणार.

एका नाताळच्या आधी गुरुजींनी काकांना बाजूला घेतलं. फार सभ्यपणे म्हणाले, "काका, नाताळात बाहेरचे पाहुणे येतात. तुम्ही नुसते ओठ हलवा. आवाज नको."

काका घरी आले. दोन दिवस पडवीत पवित्र शास्त्र उघडून बसले. शास्त्राला हात लावायच्या आधी पायातल्या चपला काढायच्या, ही त्यांची सवय. मोशेला जळत्या झुडपापाशी देवानं जोडे काढायला सांगितले होते ना, तेव्हापासून म्हणे जिथं देव जवळ वाटेल तिथं चपला काढायच्या. हे घरात ठीक होतं. पण काकांना देव कुठंही जवळ वाटायचा. पेणच्या बाजारात कोथिंबीर घेताना वाटायचा, भोगावतीच्या पुलावर वाटायचा, एकदा तर न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेली असताना वाटला. मग चपला तिथंच राहायच्या आणि काका अनवाणी घरी. काकू दारातच त्यांच्या पायांकडे बघून विचारायच्या, "आज कुठं भेटला?"

तर दोन दिवसांनी काका पडवीतून ओरडले, म्हणजे त्यांच्या मते बोलले, "बाई, बाहेर या! सापडलं!"

मी हातातला शिवणाचा तुकडा घेऊनच बाहेर आले.

"ओठ हलवणं म्हणजे खोटं बोलणं. तेपण देवापुढं. ते मी करणार नाही," काका म्हणाले. "पण मला सांगा, देवाची भक्ती म्हणजे नुसतं गाणंच, असं कुठं लिहिलंय? हे बघा. टाळ्या वाजवा म्हटलंय. हात वर करा म्हटलंय. जयघोष करा, वाकून नमन करा, नाचा, झांजा वाजवा, शांत राहा. दावीद राजा तर देवाच्या आज्ञा ठेवलेल्या कोशाच्या पुढं नाचत नाचत गेला. गाणं हे एक बोट झालं, बाई. देवानं पंजा दिलाय!"

आणि त्यांनी तो पंजा माझ्यापुढं नाचवला. फावड्याएवढा होता.

काकू आतून म्हणाल्या, "त्याच पंजानं विहिरीवरून दोन कळशा आणा."

पुढच्या रविवारपासून पंजाचं एकेक बोट उघडायला लागलं. सुरुवात टाळ्यांनी झाली. आता टाळ्या वाजवायला कोणाची हरकत असणार? पण काकांची टाळी तालावर यायची नाही. टाळीला जेव्हा वाटेल तेव्हा टाळी वाजायची, आणि वाजली की फटाका फुटल्यासारखी. पुढं बसलेल्या एका आजीबाई प्रत्येक टाळीला "अगं बाई" म्हणून दचकायच्या. गीताचं प्रत्येक कडवं "अगं बाई"वर संपायला लागलं. मी पेटीच्या भात्याआड तोंड लपवून हसत होते, इतकी की भाता ओढायचा राहून गेला आणि पेटी बंद पडली. गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, काकांकडे नाही. याचा राग मला आठवडाभर पुरला.

मग जयघोष. तो त्यांनी आधी सराव करून बघायचं ठरवलं, हे त्यांचं चांगुलपण. आम्ही रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं रोह्याला जायचो. निडी स्टेशनात गाडी क्रॉसिंगला थांबली. प्लॅटफॉर्मवर कोणी नाही, समोर शेतं, शांत सकाळ. काका खाली उतरले, शेतांकडे तोंड करून उभे राहिले, दोन्ही हात वर केले आणि पोटातून जो काही आनंदाचा घोष केला, तो ऐकून डब्यातली निम्मी माणसं दुसऱ्या बाजूनं रुळांवर उतरली. कोणी म्हणे इंजिनाला आग लागली, कोणी म्हणे साप. एक बाई "आगो माझा पोर, माझा पोर" करत धावली, तेव्हा तिचं पोर तिच्याच कडेवर होतं. गार्ड हिरवं निशाण घेऊन धावत आला.

"काय झालं? कोन परला?"

"कोणी नाही पडलं," काका प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले. "देवाचा जयघोष केला."

गार्डनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग काकूंकडे. काकूंनी पदर कपाळापर्यंत ओढून घेतला होता आणि त्या पलीकडच्या खिडकीबाहेर बघत होत्या, जणू ह्या माणसाला त्यांनी जन्मात पाहिलेलं नाही. "रोह्याला गेल्यावर करा ना काका," गार्ड हात जोडून म्हणाला, "तिथं स्टेशन मोठं हाय."

त्यानंतर एकदा ते शांत राहिले. 'शांत राहा' म्हटलंय म्हणून आठवडाभर तोंडातून अक्षर काढलं नाही. बांधावरच्या माणसांना वाटलं मुकादमांनी मौनव्रत धरलंय, नवस असेल, म्हणून त्यांनी त्यांच्यापुढं नारळ ठेवला. काकांनी तोही शांतपणे खाल्ला. काकू मला हळूच म्हणाल्या, "हे एक मात्र शास्त्रात चांगलं लिहिलंय."

पण सगळ्यात कळस झाला तो लोटांगणाच्या दिवशी. शास्त्रात लोक भुईला तोंड लावून देवाला नमन करतात. गुरुजींची लांबलचक प्रार्थना चालू होती, सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि काका उठून मधल्या वाटेत पालथे झोपले. प्रार्थना संपून डोळे उघडतात तो मधोमध एक माणूस पालथा, हालचाल नाही. बायकांनी एकच कालवा केला. "झटका आला, झटका आला!" कोणीतरी पळत जाऊन खालून कांदा फोडून आणला, कोणी चप्पल नाकाला लावली. काका "आमेन" म्हणाले, पण तोंड फळीला लावलेलं, त्यामुळे ते कण्हल्यासारखं ऐकू आलं. चौघांनी हातापायांना धरून उचललं, जिना उतरवला, आणि भर बाजारातून डॉक्टरांच्या दवाखान्यापर्यंत नेलं. दवाखाना रविवारचा बंद. तेव्हा त्यांना ओट्यावर ठेवलं.

मी पोचले तर काका ओट्यावर उठून बसलेले, कांद्यानं डोळे लाल, आणि चेहरा असा खुललेला की काय सांगू.

"अहो, तुम्ही बोलला का नाही, मला काही झालं नाही म्हणून?" मी ओरडलेच.

"कसं बोलणार, बाई? चार मित्रांनी उचलून नेलेला माणूस शास्त्रात येशूपाशी पोचला होता. म्हटलं, नेतायत तर जाऊ या."

हसून हसून माझ्या बरगड्या दुखल्या. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या दिवशी येताना गाडीत त्या मुद्दाम पलीकडच्या बाकावर बसल्या. काकांकडे तर बघितलंसुद्धा नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात खाडीला मोठं उधाण आलं आणि हिराजीच्या शेतालगतचा बांध फुटला. हिराजी काकांच्याच टोळीत काम करायचा. घरची थोडी भातशेती, तीही बांधाच्या आतली. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की ते पीक गेलंच, वर दोन-तीन वर्षं जमीनही रुसून बसते. ओहोटी लागून पुन्हा भरती यायच्या आत भगदाड बुजवायला हवं होतं. काका कमरेएवढ्या चिखलात उभे राहिले, आणि ज्या आवाजाला रोह्यात बंदी होती त्या आवाजानं त्यांनी दोन्ही काठांवरची माणसं हलवली. भरती आली तेव्हा पाणी बांधाला टेकून थांबलं. हिराजीची बायको काकांच्या पाया पडायला लागली, तर काका दोन पावलं मागं सरले.

"माझ्या नको पडू. असं करू, पीक वाचलं तर पहिली पेंढी मला द्या. आमच्या देवापुढं हलवीन."

हेही शास्त्रातलंच. जुन्या काळी इस्राएल लोक हंगामाची पहिली पेंढी याजकाकडे आणायचे आणि याजक ती देवापुढं हलवायचा. हिराजीला ते सांगायची गरज पडली नाही. त्यांच्याकडे पहिल्या लोंब्या दाराला बांधतातच. देवाला पहिलं द्यायचं असतं हे त्याला उपजत ठाऊक होतं. तो फक्त म्हणाला, "व्हय काका. पयली पेंढी तुमच्या देवाची."

चिखल धुऊन काका घरी आले आणि ही गोष्ट विसरून गेले. कारण त्यांच्या डोक्यात आता नाच आला होता.

नाचाबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण मला अजून लाज वाटते आणि अजून हसूही येतं. हॉलची जमीन लाकडी फळ्यांची, काकांचं वजन चांगलं भरभक्कम. काकूंचं गीत रंगात आलेलं, आणि काका दावीद राजा झाले. दोनच उड्या. तिसऱ्या उडीला जिन्यावर पावलं वाजली आणि शेठ दारात. टोपीवर, खांद्यावर, मिशीवर पांढरी धूळ.

"अहो, वर भात कांडताय काय? खाली माझ्या पोत्यांवर माती पडतेय!"

गुरुजींनी घंटा वाजवली. मधेच वाजवलेली ती पहिली घंटा.

त्या दिवशी मंडळी लगेच घरी गेली नाही. वडील माणसं चटईवर गोलात बसली आणि गुरुजी उभ्यानं बोलले. ते चिडले नव्हते, हेच वाईट होतं. "काका, मी तुमचा अपमान करत नाही. पण ही उपासना आहे, जत्रा नव्हे. हंगामाच्या सणाला पाळकसाहेब येणार आहेत. आपल्याला कायमचा पाळक मिळेल की नाही, ते त्यांच्या शब्दावर आहे. त्या दिवशी तुमच्याकडून काही झालं, हात वर, पाय वर, काहीही, तर त्यानंतर तुम्ही रोह्याला येऊ नका. घरीच प्रार्थना करा."

 ही मंडळी उभी राहिली तेव्हा पहिल्या दिवशी चटया डोक्यावरून आणणारे काकाच होते, हे सगळ्यांना माहीत होतं. पण जो तो आपापल्या चपला शोधायला लागला.

गाडीत काकूच बोलल्या. निडी मागं पडल्यावर बोलल्या. "एक सांगून ठेवते. तुम्हाला काढलं तरी मी येणार. मी गाणं सोडणार नाही. एवढी वर्षं खाली मान घालून बसले. आता नाही घालायची."

"बरोबर आहे तुझं," काका म्हणाले. खिडकीचा गज घट्ट धरला. मग माझ्याकडे वळले, आवाज इतका बारीक की मला पुढं वाकावं लागलं. "बाई, तुम्हाला पेटी आहे. हिला गळा आहे. पंगतीत सगळ्यांच्या पानात वाढलंय आणि आपण नुसतं वाढप्याकडं बघत बसायचं, असं किती दिवस बसणार माणूस? मला काहीतरी द्यायचं असतं हो. माझ्याकडं जे आहे ते मी देतो, तर ते सांडतं." मग काकूंकडे बघून म्हणाले, "घरी बसून रविवारी करायचं काय पण? ही गाडीत एकटी येणार, एकटी जाणार."

मला फार वाईट वाटलं. इतके दिवस मी हसले होते, आणि हसण्यासारखंच होतं ते, पण त्या क्षणी मला त्या भल्या थोरल्या माणसाला कुठंतरी लपवून ठेवावंसं वाटलं. काकूंनी त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, "मग मला शब्द द्या. सणाला हात हलवायचा नाही." काकांनी शब्द दिला.

हंगामाच्या सणाला हॉल असा भरतो की बाजाराला लाज वाटावी. ज्याच्या घरी जे पिकलं ते त्यानं आणायचं, देवापुढं मांडायचं, आणि उपासना झाल्यावर त्याचा लिलाव. दुधी, काकड्या, केळ्यांचे घड, नारळ, अंडी, आणि एका कोपऱ्यात पाय बांधलेली एक तांबडी कोंबडी, जी उपासनेभर स्वतःचं मत मांडत होती. पाळकसाहेब पांढऱ्या झग्यात, गोल, गोरे, सर्दीनं बेजार. गुरुजींनी चष्मा दोनदा पुसला.

काका पुरुषांच्या बाजूला तिसऱ्या चटईवर, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. शाळेत फळ्याजवळ बसवलेल्या पोरासारखे. टाळी नाही, हूं नाही. घामानं मान भिजलेली. काकूंनी गीत उचललं, आणि मी भाता ओढता ओढता काकांकडेच बघत होते. ते ओठही हलवत नव्हते. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. गुरुजींच्या खांद्यांवरचा भार उतरताना मला दिसला.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि दारात हिराजी. डोक्यावर पेंढी, मागं त्याची बायको, ठेवणीतलं नऊवारी, केसांत झेंडू. दोघांनी दाराशी वहाणा काढल्या.

"काका हायत का हितं?"

गीत थांबलं. माझी पेटी एक सूर धरून तशीच राहिली.

"हिराजी?" काका बसल्या जागी म्हणाले. "तू हितं कसा?"

"घरी गेलो तर कुलूप. शेजारीन बोलली रोह्याला गेलेत. मंग यष्टी पकरली." त्यानं पेंढी डोक्यावरून उतरवून दोन्ही हातांवर धरली. भरलेल्या लोंब्या, वाकलेल्या, पिवळ्याधमक. मधोमध हळदीकुंकवाची बोटं आणि झेंडूचं एक फूल. "पीक वाचलं काका. ही घ्या पयली."

हळदकुंकू बघून गुरुजी उठले. "हे... आमच्यात हे असं..."

हिराजीची बायको त्यांची समजूत घालत म्हणाली, "बोरकी, कुकवाबिगर कशी आनायची गुरुजी, देवाला? माज्या मनाला नाय पटलं. चार बोटं लावली. तुमच्या देवाला काय राग येल?"

या प्रश्नाला गुरुजींनी आजवर कुठल्याही परीक्षेत उत्तर लिहिलेलं नव्हतं. त्यांनी पाळकसाहेबांकडे बघितलं. पाळकसाहेब शिंकले.

"हिराजी, ठेव तिथं दुधीजवळ," काका म्हणाले.  "नंतर बघू."

"खाली कशी ठेवू? तुमी हलवनार बोललात."

"माझे हात आज घरी राहिले रे."

हिराजीनं वाकून बघितलं. "ह्ये काय, मांडीखाली हायत की!"

पोरं फिस्सकन हसली. मी ओठ चावला.

"बंदी हाय, हिराजी," काका म्हणाले.

"देवासमोर हात हलवायला बंदी?" हिराजीला हे खरंच कळेना. त्यानं सगळ्यांकडे बघितलं. "कुनी घातली?"

 गुरुजी घंटेकडे बघत होते. हिराजीचे हात भरून आले होते. त्याची बायको हळूच म्हणाली, "परत न्यायची नाय पन. देवाच्या नावानं काढलेली पेंढी उंबऱ्यात परत घेतली तर पुढचं पीक घरात येत नाय. कायतरी करा काका."

काकांनी डोळे घट्ट मिटले. शब्द काकूंना दिलेला होता आणि पेंढी हिराजीकडे मागितलेली होती. आणि दोन्हीच्या वर गुरुजी. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं. काय करावं मलाही सुचेना. वाटलं, आपणच उठावं.

उठल्या काकू. पहिल्या चटईवरून उठल्या, पदर सारखा केला, हिराजीपुढं जाऊन दोन्ही हात पसरले. "द्या."

पेंढी चांगली जड होती. त्यांनी ती छातीशी धरली, तसं कुंकू पांढऱ्या पातळाला लागलं. त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. मधल्या वाटेपलीकडे काकांकडे वळल्या आणि विचारलं, "कशी हलवायची?"

त्यांच्या घरी राहायला आल्यापासून भक्तीतली गोष्ट त्यांनी नवऱ्याला विचारलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

"पुढं-मागं," काका कसेबसे म्हणाले. "देवाला दिल्यासारखी. मग त्यानं परत दिल्यासारखी."

काकूंनी पेंढी पुढं नेली, मागं आणली. लोंब्या सळसळल्या. पेटी बंद, गाणं बंद, कोंबडीसुद्धा गप्प. नुसती ती सळसळ. मी काकूंची कितीतरी गीतं वाजवली, डोळ्यांत पाणी आणणारी वाजवली. पण माझ्या अंगावर काटा आला तो तेव्हा, त्यांनी तोंड मिटून ठेवलेलं असताना.

"अहो," त्या म्हणाल्या, "जड आहे. या की."

काकांचे हात मांडीखालून निघाले. काका उठले आणि मधली वाट ओलांडून बायकांच्या बाजूला आले. गुरुजींनी त्याच क्षणी डोळे मिटले. प्रार्थनेला डोळे मिटलेल्या माणसाला कोण उठलं, कोण कुठं गेलं, काय दिसणार? इतकी घट्ट प्रार्थना करताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

पण काकांना हळू काही येतच नव्हतं. त्यांनी पेंढीचं दुसरं टोक धरलं आणि बांधावर चिखल फेकायच्या ताकदीनं जी हलवली, की दाणे उडाले. पाळकसाहेबांच्या चष्म्यावर ताडताड दाणे, माझ्या पेटीत दाणे, आजीबाईंच्या अंबाड्यात दाणे. कोंबडीनं बांधलेल्या पायांनिशी उडी मारून दाण्यांवर झडप घातली. हिराजी हसायला लागला, काकू हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून, पोट धरून, मी त्यांना तसं हसताना बघितलंच नव्हतं. पाळकसाहेबांनी शिंकून एक पाऊल मागं टाकलं, तोच हिराजीची बायको किंचाळली.

"पाय नका देऊ! पाय नका देऊ गो कुनी! नवा दाना हाय!"

नव्या भातावर पाय पडू द्यायचा नाही, हे ह्या मुलखात कोणाला दोनदा सांगावं लागत नाही. सगळी माणसं जिथल्या तिथं खाली बसली आणि गुडघ्यांवर दाणे वेचायला लागली. बायका पदरात, पुरुष टोपीत, पोरं खिशात. पाळकसाहेबांनी झगा गोळा करून गुडघे टेकले आणि शिंका देत देत त्यांनीही मूठ भरली. "बऱ्याच वर्षांत मंडळी अशी गुडघ्यावर बघितली नव्हती," असं ते मला म्हणाले, आणि नाक पुसलं.

गलका ऐकून गुरुजींनी डोळे उघडले. अख्ख्या हॉलमध्ये उभे असे ते एकटेच. त्यांच्या पायाशी चार दाणे पडले होते. त्यांनी टेबलाचा कोपरा धरला आणि हळूहळू, कुरकुरत्या गुडघ्यांनी खाली बसले. समोर पेटीजवळ काका ओणवे होऊन फळीच्या फटीतला दाणा नखानं काढत होते. दोघांची डोकी आपटता आपटता राहिली.

मी दोघांच्या मध्येच होते, म्हणून मला ऐकू आलं. गुरुजींनी आपले चार दाणे काकांच्या तळहातावर ठेवले आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी जरा लवकर या. चटया मला एकट्याला अंथरता येत नाहीत."

काकांनी ते दाणे मुठीत घट्ट धरले आणि दुसरा हात गुरुजींना उठायला दिला.